ट्रायप्लाय कुकर : दिवाळीपासून श्रावणापर्यंत रोज वापरल्यावर

ट्रायप्लाय कुकर, म्हणजे स्टील-अ‍ॅल्युमिनियम-स्टील अशा तीन थरांचा कुकर, घ्यावा का, असं कुणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट विचारते: तुमच्याकडे कुकरला डबे लावतात, की कुकरमध्येच फोडणी घालून शिजवतात? फक्त डबे लावत असाल तर अ‍ॅल्युमिनियमचा चांगला चालणारा कुकर बदलायची काहीच गरज नाही. थेट कुकरमध्ये भाजी, उसळ, मसालेभात करत असाल तर मात्र नक्की घ्या, कारण फरक पहिल्या आठवड्यातच कळतो.

मी दिवाळीत पाच लिटरचा घेतला, बाहेरच्या झाकणाचा. आम्ही लातूरला राहतो. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. सकाळी डबे भरून दोघांना बाहेर पडायचं असतं, त्यामुळे कुकर रोज दोन वेळा लागतोच. जुना पाच लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकरही चांगल्या अवस्थेत होता. म्हणून दोन्ही कुकर शेजारी शेजारी वापरून बघता आले, आणि पुढे लिहिलंय ते त्यावरूनच.

आधी डब्यांचं सांगते. तळाला दोन वाट्या पाणी, त्यावर जाळी, खालच्या डब्यात डाळ, वरच्या डब्यात तांदूळ, कडेला जागा असेल तर दोन बटाटे. या पद्धतीत अन्न तळाच्या उष्णतेवर शिजतच नाही, ते वाफेवर शिजतं. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळतं आणि त्याच्या वर जात नाही. कुकरची शिट्टी साधारण एक किलो दर चौरस सेंटिमीटर एवढा दाब आत धरून ठेवते, त्यामुळे आतलं पाणी आणि वाफ एकशे वीस अंशांपर्यंत जाते. डब्यातल्या डाळीला हे एकशे वीस अंश अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरमध्ये मिळतात तेवढेच ट्रायप्लायमध्ये मिळतात. एकाच पोत्यातली डाळ, तेच डबे, तीच शेगडी घेऊन केलं तरी वरणात मला काही फरक जाणवला नाही. स्टीलच्या कुकरचा इथे फायदा एवढाच, की आतून काळा पडू नये म्हणून तळाच्या पाण्यात लिंबाची साल टाकावी लागत नाही.

सोबत आलेले डबे मात्र मला आवडले नाहीत. पत्रा पातळ, आणि एकावर एक ठेवले की वरचा डबा डुलतो. डाळीचा फेस वर येऊन भात पिवळा व्हायला लागला. भांड्यांच्या दुकानातून जाड बुडाचे, कडा बसणारे दोन डबे वेगळे घेतले आणि डाळीच्या डब्यावर ताटली ठेवायला लागले, तेव्हा तो त्रास थांबला. बाहेरच्या झाकणामुळे वरती जागा जास्त मिळते. आतल्या झाकणाच्या पाच लिटरच्या कुकरमध्ये हेच दोन डबे वर बटाटे ठेवून बसत नाहीत, हे दुकानातच बसवून बघितलं होतं. तुम्हीही घरचे डबे पिशवीत घालून दुकानात न्या. लिटर सारखे असले तरी रुंदी आणि उंची प्रत्येक कुकरची वेगळी असते.

आता थेट शिजवण्याकडे येते, कारण पैसे खरे तिथे वसूल होतात.

आमच्याकडे अंबाडीची भाजी महिन्यातून दोन-तीनदा तरी होते. अंबाडी चांगलीच आंबट. जुन्या कुकरमध्ये ती कधी केली नाही, कारण आंबट पदार्थ अ‍ॅल्युमिनियममध्ये शिजवले की भांड्याचा धातू थोडा अन्नात उतरतो, आणि चवीलाही ते कळतं. मग पाला एका पातेल्यात उकडायचा, डाळ कुकरला लावायची, आणि शेवटी कढईत सगळं एकत्र करायचं. तीन भांडी. आता पाला एक उकळी देऊन पिळून घेते, आणि कुकरमध्येच भिजवलेली तूरडाळ, ज्वारीच्या कण्या, मूठभर शेंगदाणे, हिरवी मिरची, हळद आणि पिळलेला पाला एकत्र लावते. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून दहा मिनिटं. झाकण उघडल्यावर रवीने, नाहीतर डावाच्या पाठीने घोटायचं. कण्या फुलून भाजीला दाटपणा येतो, शेंगदाणे मऊ होतात पण अख्खे राहतात. वरून तेलात भरपूर लसूण आणि सुकी मिरची तळून ती फोडणी ओतली की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. टोमॅटोचं सार, चिंचेची आमटी, पावभाजीची भाजी हे सगळं आता याच कुकरमध्ये होतं.

दुसरा फरक तळाचा. ट्रायप्लाय म्हणजे आत स्टील, मध्ये अ‍ॅल्युमिनियम, बाहेर इंडक्शनवर चालणारं स्टील. नुसतं स्टील उष्णता नीट पसरवत नाही, ज्योतीच्या वर जेवढा भाग असतो तेवढाच तापतो आणि तिथे मसाला लागतो. मधल्या अ‍ॅल्युमिनियमने उष्णता सगळीकडे जाते. इथे एक गोष्ट नीट बघून घ्या. बाजारात दोन प्रकार आहेत, आणि दुकानदार दोन्हींना सर्रास ट्रायप्लाय म्हणतात. एकात फक्त बुडाला जाड थर चिकटवलेला असतो, दुसऱ्यात तळापासून काठापर्यंत तिन्ही थर असतात. फक्त बुडाचा थर असेल आणि ज्योत बुडाच्या बाहेर आली, तर बुड आणि भिंत जिथे जुळतात तिथे गोल रेघेत अन्न करपतं. माझ्या बहिणीकडे तसा आहे, तिची खिचडी नेहमी कडेलाच लागते. माझ्याकडे काठापर्यंत थर आहेत. मसालेभाताला कांदा, तोंडली, गोडा मसाला परतून तांदूळ घातला, वाटीला दोन वाट्या गरम पाणी घातलं आणि पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर पाच मिनिटं ठेवला की खाली पापडी धरत नाही. मसाला परतल्यावर तळाला चिकटलेलं मात्र पाणी घालतानाच खरवडून सोडवून घ्यावं लागतं. ते तसंच राहिलं तर कुठल्याही कुकरमध्ये लागतं.

वर मिनिटं लिहिली आहेत, शिट्ट्या नाहीत. यावरून आमच्या घरात बराच काळ बोलणं चाललं. सासूबाई म्हणायच्या, "शिट्टी दुसऱ्या खोलीतनं ऐकू येते गं, मिनिटं कुठं ऐकू येतात?" त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे, आणि शिट्टीची सवय का मोडत नाही ते यात आलं. पण प्रत्येक शिट्टी म्हणजे बाहेर टाकलेली वाफ. आत एकदा पूर्ण दाब भरला की मोठ्या गॅसने तापमान वर जात नाही, फक्त पाणी आणि गॅस जातो. शिवाय शिट्ट्यांचा हिशेब बर्नरवर, कुकरच्या आकारावर आणि आत किती भरलंय त्यावर बदलतो. मोठ्या बर्नरवर चार शिट्ट्या पाच मिनिटांत होतात, छोट्यावर त्याला पंधरा मिनिटं लागतात. तेव्हा "चार शिट्ट्या" या मापावर डाळ कधी गाळ होते, कधी कच्ची राहते. आम्ही असं ठरवलं, की पहिल्या शिट्टीला गॅस एकदम बारीक करायचा आणि फोनवर वेळ लावायची. फोनचा आवाजही दुसऱ्या खोलीत ऐकू येतो, त्यामुळे आता सासूबाई स्वतःच मला "आठ मिनिटं लावली का?" विचारतात.

अर्धा तास भिजवलेली तूरडाळ थेट कुकरमध्ये आठ मिनिटं, डब्यात असेल तर बारा ते पंधरा. रात्रभर भिजवलेले हरभरे पंधरा-वीस मिनिटं. मोड आलेली मटकी पहिल्या शिट्टीलाच बंद, आणि थोड्या वेळात वाफ काढून टाकायची, नाहीतर मोड विरघळतात. पुरणाच्या हरभरा डाळीची वाफ मात्र आपोआप जिरू द्यायची, त्या वेळातही ती शिजत असते. राजम्याला घाई करू नका. कच्च्या राजम्यातला एक घटक पोट बिघडवतो. तो भिजवून, पाणी बदलून, चांगला उकळला तरच जातो, म्हणून दाणा बोटाने सहज चेचला जाईपर्यंत शिजवा. डाळी-कडधान्यं कुकरमध्ये अर्ध्याच्या वर कधी भरायची नाहीत, बाकी पदार्थ दोन तृतीयांशापर्यंत. डाळीचा फेस शिट्टीच्या नळीत गेला तर ती तुंबते. चमचाभर तेल घातलं की फेस बराच कमी येतो.

डाळ शिजत नाही म्हणून कुकरला दोष देणारे खूप भेटतात. लातूर तूरडाळीचं गाव, डाळमिलमधून ताजी डाळ मिळते, तरी बोअरच्या पाण्यात ती दाणा धरून राहते. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं, मग दाबही कमी पडतो. जुनी, साठवलेली डाळ असेल तर आणखी वेळ. चिमूटभर खाण्याच्या सोड्याने डाळ गळते हे खरं, पण सोड्याने डाळीतलं बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. रोजच्या वरणात मी तो घालत नाही. डाळीला फिल्टरचं पाणी घ्या आणि तळाच्या पाण्याला बोअरचं वापरा. मीठ, चिंच, आमसूल डाळ शिजल्यावर. डाळ आंबट पाण्यात शिजायला बसली की ती लवकर मऊ होत नाही. अंबाडीच्या भाजीत डाळ आधी भिजवून घेते आणि दोन-तीन मिनिटं जास्त देते, त्याचं कारण हेच.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग आणि इंद्रधनुष्यासारखे निळसर डाग आतून पडतात. थोडं पाणी आणि अर्धं लिंबू पिळून उकळलं की दोन्ही जातात. थंड पाण्यात मीठ टाकून ते तळाशी पडू देऊ नका, स्टीलवर बारीक खड्डे पडतात आणि ते कशानेच जात नाहीत.

इंडक्शनवर फार वापरला नाही. मोठ्या वॅटला शिट्टी फार लवकर होते, म्हणून आधीच जवळ उभं राहावं लागतं. कमी वॅटला आमची शेगडी चालू-बंद होत राहते आणि दाब वरखाली होतो. गॅससारखी एकसारखी बारीक आंच तिच्यावर मिळत नाही.

आता जे आवडलं नाही ते. वजन. भरलेला कुकर सासूबाईंना एका हाताने उचलता येत नाही, आणि दुसरा कान इतका छोटा आहे की फडक्याने धरताना बोटं भांड्याला लागतात. ज्यांची मनगटं दुखतात त्यांनी पाच लिटरऐवजी तीन लिटरचा बघावा. दांड्याचा स्क्रू होळीच्या सुमाराला ढिला झाला. घरीच आवळला, पण आता महिन्याला एकदा बघावाच लागतो. किंमत अ‍ॅल्युमिनियमच्या दुपटीहून जास्त पडली.

सगळ्यात मोठी तक्रार रिंगची. उन्हाळ्यातच रिंग सैल होऊन कडेने वाफ यायला लागली, दाब भरेना. रिंग बर्फाच्या पाण्यात ठेवली की एखाद-दुसरा दिवस चालते, पुढे नाही. गावात या मॉडेलची अस्सल रिंग कुठेच मिळाली नाही. दुकानदाराने "हीच बसते" म्हणून दिलेली रिंग बसली, पण झाकण फिरवायला दोन माणसं लागायची. ती परत केली आणि अस्सल रिंग मागवून येईपर्यंत सगळा स्वयंपाक जुन्या कुकरवर झाला. सेफ्टी वॉल्व्हच्या बाबतीत तर अशी तडजोड मुळीच करू नये. नळी तुंबली किंवा आतलं पाणी आटलं तर तोच वितळून वाफ सोडतो. दुसऱ्याच कुठल्या वॉल्व्हवर त्या वेळी भरवसा ठेवता येणार नाही. 2020 च्या आदेशाने घरगुती कुकरला आयएस 2347 या मानकाप्रमाणे आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे, आणि त्याशिवायचे कुकर विकू दिल्याबद्दल 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांवर दंडही लावला. तेव्हा चिन्ह कुकरवर कोरलेलं आहे का ते बघा, नुसतं खोक्यावर नको.

आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला त्याच मॉडेलची रिंग आणि सेफ्टी वॉल्व्ह काउंटरवर काढून दाखवायला सांगा. असतील तर त्याच वेळी एक-एक जास्तीची घेऊन ठेवा. नसतील, तर ज्याचे सुटे भाग तुमच्या गावात मिळतात तो कुकर घ्या, भले तो दिसायला साधा असो.