अपिलाची मुदत घालवणारं वकील ऑफिस आणि ती निस्तरणारं ऑफिस, आमचा अनुभव

दोन वकील ऑफिसचा रिव्ह्यू एकत्रच लिहितोय कारण केस एकच आहे. नावं दोघांचीही टाकत नाही. पहिल्याला १ स्टार, दुसऱ्याला ४.

आमचा वहिवाटीच्या रस्त्याचा दावा होता, बांधावरून जाणारा रस्ता, आजोबांच्या वेळी बैलगाडी जायची, आता ट्रॅक्टर. ६ फेब्रुवारी २०२४ ला तालुक्याच्या कोर्टात दावा फेटाळला. वकीलसाहेब म्हणाले काळजी करू नका, जिल्ह्याला अपील टाकू, आणि आमच्या अण्णांनी तिथंच कोर्टाच्या पायरीवर १० हजार काढून दिले, पावती नाही काही नाही. आता जिल्हा कोर्टातल्या अपिलाला मुदत असते ३० दिवस (हायकोर्टात जायचं असेल तर ९०), निकालाचा दिवस सोडून मोजायचं, म्हणजे आमचा शेवटचा दिवस ७ मार्च. हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो. अण्णा दर सोमवारी बाजाराला गेले की ऑफिसचा जिना चढायचे, तिथला ज्युनियर म्हणायचा साहेब बाहेरगावी आहेत, निकालाची नक्कल (अपिलाला जोडायची कोर्टाची प्रत) अजून मिळाली नाही, पुढच्या आठवड्यात या. नक्कल मिळाली नव्हती हे खरंच होतं, कारण मुदत संपेपर्यंत नकलेचा अर्जच टाकला नव्हता!

हे कळलं ते दुसऱ्या ऑफिसात. जूनमध्ये कोर्ट उघडल्यावर कंटाळून फाईल परत घेतली आणि पाहुण्यांनी सांगितलं म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी एका वकिलांकडे गेलो. त्यांनी निकाल वाचायच्या आधी नक्कल उलटी केली. शेवटच्या पानाच्या मागं शिक्का असतो, अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी, तिन्ही तारखा पेनानं भरलेल्या. त्यांनी पहिल्या तारखेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "अण्णा, हा अर्ज १५ एप्रिलचा कसा?" अण्णांना बोलताच येईना, मी पण गप्प.

मग त्यांनी नीट समजावलं, घाई न करता, ते इथं लिहितो कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. नक्कल मिळवायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, पण अर्ज टाकल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचेच, त्याआधी फाईल कपाटात पडून राहिली ते दिवस तुमच्याच अंगावर. आणि मुदत संपल्यावर अर्ज टाकला तर वजा करायला काही उरतच नाही. सुट्टीचंही तसंच, मला वाटायचं मे महिन्यात कोर्टाला सुट्टी म्हणजे दिवस थांबतात, तर नाही, शेवटचा दिवस सुट्टीत येत असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अपील टाकता येतं एवढंच, आमचा तर मार्चमध्येच गेला होता. समोरच्यानं मुद्दा काढला नाही तरी कोर्टाला मुदत बघावीच लागते, त्यामुळं बघू काय होतंय ते चालत नाही.

२४ जूनला अपील दाखल झालं, १०९ दिवस उशीर, सोबत विलंब माफीचा अर्ज आणि अण्णांचं ॲफिडेव्हिट. इथं या ऑफिसचं काम मला मनापासून आवडलं. मी म्हटलं आजारपण दाखवू, सगळे तेच दाखवतात. ते म्हणाले, "नाही, घरात तसा एक कागद नाही, उलटतपासात अण्णा अडकतील, जे झालं तेच लिहायचं." माझ्या मोबाईलमधले त्या ज्युनियरचे मेसेज, कॉलच्या तारखा, सगळं दोन तास बसून एका कागदावर तारीखवार लावून घेतलं. युक्तिवादात सुप्रीम कोर्टाचा १९९८ चा निकाल दिला, त्यात ८८३ दिवसांचा उशीर माफ झाला होता आणि तिथंही वकिलांचाच हलगर्जीपणा होता, दिवस किती यापेक्षा कारण पटतं का ते बघायचं असं त्यात आहे. समोरच्यांनी एप्रिल २०२४ चा निकाल काढला, ५६५९ दिवसांचा उशीर नाकारलेला. शेवटी आमचा उशीर माफ झाला, ३ हजार कॉस्ट (कोर्टानं उशिरापोटी लावलेला खर्च) भरून, पण कधी, तर एप्रिल २०२५ मध्ये.

ते मधले १० महिने कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. दाव्यात समोरच्यांना रस्ता अडवायला तात्पुरती मनाई होती ती दाव्याबरोबर संपली आणि अपीलच अजून नंबरावर, म्हणजे नोंदवून घेतलेलं, नाही तर नवीन मनाई मागायची कशात! समोरच्यांनी दिवाळीत रस्ता नांगरला आणि तारेचं कुंपण ठोकलं. जानेवारीत ऊस तुटला तर ट्रॅक्टर आत येईना, मोळ्या डोक्यावरून तीन शेतं ओलांडून काढल्या, टोळीवाल्यांनी वरचे पैसे घेतले आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पहिल्या वकिलांवर ग्राहक मंचात जायचं माझ्या डोक्यात होतं, पण १४ मे २०२४ लाच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. तक्रार बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे, करता येते. अण्णा नको म्हणाले.

दुसऱ्या ऑफिसचा एक स्टार कापला कारण फोन उचलत नाहीत आणि वेळ देऊनही दीड-दोन तास बाहेर बाकावर बसवतात, म्हाताऱ्या माणसाला त्रास होतो. बाकी पावती देतात, प्रत्येक फाईलच्या कव्हरवर शेवटची तारीख लाल पेनानं लिहिलेली असते, आणि निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकून त्याचा फोटो पक्षकाराला पाठवतात. त्यांनीच मला ई-कोर्ट्सचं ॲप घ्यायला लावलं, फुकट आहे, १६ अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा असतो) टाकला की पुढची तारीख दिसते, आता मी अण्णांना जिना चढायला लावत नाही.

मनाईच्या अर्जावर तारखा चालू आहेत, रस्ता अजून नांगरलेलाच आहे. पहिल्या ऑफिसनं फाईल दिली, १० हजार दिले नाहीत. मी मागायला जातो म्हटलं तर अण्णा म्हणाले, "त्या जिन्यावर आपल्या घरचा पाय परत नको."