लादी पुसायला फडकं घ्यायचं की मॉप? आधी बघा दुखतंय कुठे

आईचे गुडघे दुखतात आणि माझा उजवा अंगठा मुळाशी दुखतो, त्यामुळे आमच्याकडे लादी पुसायचे तिन्ही प्रकार वापरून झालेत, आणि गंमत नाही खरंच, एकीला जे सोयीचं पडलं ते दुसरीला अजिबात झेपलं नाही. म्हणून घ्यायचा विचार असेल तर किंमत नंतर बघा, आधी कुठला सांधा दुखतोय ते बघा.

खाली बसून फडक्याने पुसणं. कोपरे, पलंगाखालचं, सगळं यानेच नीट निघतं, हे मान्यच. गुडघे धड असतील तर उकिडवं बसण्यात काही वाईट नाही. पण झिजलेल्या गुडघ्याला हेच सगळ्यात जड जातं, पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यात वाटीवर खूप दाब येतो आणि त्यात बसल्या बसल्या सरकायचं. आई उठताना एक हात भिंतीला लावायची आणि दुसरा बादलीच्या काठाला, एकदा बादली कलंडली आणि ती त्या पाण्यातच बसली. त्या दिवशी फडकं बंद केलं.

दुसरा त्रास पिळण्याचा. पिळताना अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटात जी कळ येते ती ज्याला येते त्यालाच कळते. फडक्यानेच पुसायचं असेल तर ते नळाला अडकवा, दोन्ही टोकं एकत्र धरून गोल फिरवा, बोटांवरचा जोर बराच कमी होतो.

दोऱ्यांचा साधा मॉप स्वस्त आहे, गुडघे वाचतात, पण पिळायचा हातानेच आणि ओला झाला की जड. अंगठा दुखत असेल तर घेऊच नका.

स्पिन मॉपमध्ये बादलीतल्या जाळीत मॉप गरगर फिरून पाणी निघतं, त्यामुळे हाताने पिळणं सुटतं, माझ्यासाठी हाच मोठा फायदा. यात दोन प्रकार येतात. पेडलवाला घेतला तर एका पायावर उभं राहून दुसऱ्याने दाबत राहायचं, ओल्या लादीवर आईच्या वयाला मला ते धोक्याचं वाटतं. दांडी खाली दाबली की फिरणारा बरा, फक्त ती मुठीत आवळून न दाबता वरच्या टोकावर तळहात ठेवून दाबा, म्हणजे जोर बोटांवर न येता दंडावर जातो. खांदा दुखत असेल तर मात्र दुकानात एकदा दाबून बघितल्याशिवाय घेऊ नका. कोपरे यानेही राहतातच, ते आठवड्यातून एकदा ज्याचे गुडघे चांगले त्याने फडक्याने करावेत.

दांडी साधारण हनुवटीपर्यंत यायला हवी, आखूड असली की गुडघे वाचले तरी कंबर धरते. बारीक असेल तर त्यावर जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळा, जाड दांडी कमी आवळावी लागते. आणि एका जागी उभं राहून लांबवर पुसू नका, मॉपबरोबर चालत राहा.

बादलीचं कोणी बोलतच नाही. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो, 10 लिटरची भरलेली बादली एका हाताने उचलली की बोटं, मनगट, खांदा सगळ्यांवर भार. आम्ही बादली जागेवर ठेवून मगाने अर्धीच भरतो. खाली बूच असलेली मिळाली तर तीच घ्या, मोरीत सरकवायची आणि बूच काढायचं, उपडी करायला नको.

थोडक्यात फक्त गुडघा असेल तर पेडलवाला सोडून कुठलाही मॉप चालेल, अंगठा किंवा मनगट असेल तर स्पिनच, दोन्ही असेल तर हाताने दाबायचा स्पिन आणि अर्धी बादली. पुसून झाल्यावर दुखणं दोनेक तासांनीही तसंच असेल तर त्या दिवशी काम जास्त झालं असं समजा, उद्या निम्म्याच खोल्या घ्या. सांधे सुजत असतील किंवा सकाळी अर्ध्या तासाच्या वर आखडलेले राहत असतील तर मॉप राहू दे, आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि घरी कामाला मावशी येत असतील तर मॉप निवडताना त्यांना विचारा. त्या एका दिवसात चार घरांच्या लाद्या पुसतात, आमच्या मावशींनी पहिल्याच दिवशी दांडी हातात घेऊन सांगितलं की ही आखूड आहे, आणि आम्ही बदलून आणली.