ट्रान्सप्लांट फॉलोअप ओपीडी: चार स्टार, एक वेटिंगपायी कापला

आम्ही साताऱ्याहून येतो. ह्यांचं ट्रान्सप्लांट होऊन पाच वर्षं होतील, किडनी सासूबाईंची. ऑपरेशन दुसरीकडे झालं पण फॉलोअपला तीन वर्षांपासून इथेच.

मागच्या पावसाळ्यात ह्यांच्या मानेला गाठ आली, दुखत नव्हती, पण संध्याकाळी कसकस आणि वजनही उतरायला लागलेलं. गावातल्या डॉक्टरांनी हात लावूनच सांगितलं टीबीची गाठ आहे, एकेटी म्हणजे टीबीच्या गोळ्या चालू करू. आपल्याकडे मानेत गाठ म्हटलं की टीबीच, आणि ट्रान्सप्लांटवाल्यांना टीबी होतोही जास्त, त्यामुळे आम्हालाही पटलेलं. मी सहज विचारावं म्हणून इथल्या कोऑर्डिनेटर सिस्टरना फोन केला तर त्या ओरडल्याच, ताई थांबा, एक गोळी देऊ नका! एकेटीतल्या रिफॅम्पिसिनने म्हणे टॅक्रोलिमसची, म्हणजे किडनी टिकवायच्या रोजच्या गोळीची, रक्तातली लेव्हल धाडकन खाली येते, किडनीच रिजेक्ट व्हायची. दुसऱ्याच दिवशी बोलावलं, सुई घालून भागवलं नाही, अख्खी गाठ काढून बायोप्सीला पाठवली. रिपोर्टमध्ये लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर.

डॉक्टर मॅडमनी अर्धा तास बसवून समजावलं, मला तरी असं आधी कोणी सांगितलं नव्हतं. एपस्टीन-बार नावाचा व्हायरस आपल्यातल्या बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून गप्प पडून असतो, प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. किडनी टिकावी म्हणून आपण गोळ्या देऊन तीच शक्ती कमी करतो, मग तो उठतो आणि त्याच्यामुळे पांढऱ्या पेशी बेलगाम वाढत जातात. म्हणून पहिला उपाय केमो नाही, तर रोजच्याच गोळ्या कमी करणं! त्यातली मायकोफेनोलेट बंद, टॅक्रो कमी, मग त्या वाढलेल्या पेशी मारणाऱ्या रिटुक्सिमॅबची सलाईन आठवड्याला एक अशी चार. गोळ्या कमी म्हणजे किडनीला धोका, क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) 1.4 वरून 1.7 झालं तेव्हा सासूबाई देवघरातून उठेनात. पण तिथेच थांबलं. परवाचा पेट स्कॅन क्लिअर आलाय.

बाकी पण बारीक लक्ष असतं, चामखीळ दिसली तरी स्किनवाल्यांकडे पाठवतात, नव्या किडनीला त्रास देणाऱ्या बीके व्हायरसची टेस्ट ठरल्या वेळी, ट्रान्सप्लांट झालेल्या बायकांना पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी) चुकवू देत नाहीत. सिस्टरनी आमच्या गॅलरीतल्या कबुतरांची पण चौकशी केली होती, मी हसले, तर म्हणाल्या त्या विष्ठेतल्या बुरशीने मेंदूज्वर होतो असल्या पेशंटना. घरी येऊन पहिली जाळी लावली.

आता तक्रार. वेटिंग रूम म्हणजे एसटी स्टँड. दहाची वेळ देतात आणि एकला आत घेतात, वर खोकणारे, तापवाले सगळे एकाच बाकावर, मास्क निम्म्यांच्या हनुवटीला. अहो इथे येणाऱ्या प्रत्येकाची इम्युनिटी कमी, निदान खोकणाऱ्यांना वेगळी खोली द्या ना. दोनदा लिहून दिलं, काही फरक नाही. आम्ही आता नंबर लावून गाडीतच बसतो.

नवीन येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, टॅक्रोची सकाळची गोळी घरून घेऊन निघू नका, लेव्हलचं रक्त आधी देतात मग गोळी. गोळी आणि डबा बरोबर ठेवा, समोरच्या गाडीवरची चटणी नको.