साइटवरची पाणी तपासणी पेटी: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

पुण्याच्या पश्चिमेला आमच्या गृहप्रकल्पाचं काम चालू आहे आणि कंपाउंडला लागूनच लेबर कॅम्प आहे. पाणी तीन वाटांनी येतं: पिण्या-वापरायला टँकर, काही कामांना बोअर, आणि क्युरिंग (ताजं काँक्रीट ओलं ठेवणं), धूळ मारणं, टायर धुणं यासाठी एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं, प्रक्रिया केलेलं पाणी. या सगळ्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आहे. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि पुण्यात टँकरच्या पाण्याकडे बघायची नजरच बदलली. त्यानंतर आमच्याकडे तपासणी पेटी आली. आता पावसाळा सरलाय. पेटी घेऊ का, असं बरेच साइटवाले विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पेटीत काय आहे: क्लोरीनसाठी डीपीडी गोळ्या आणि रंग जुळवायचा कंपॅरेटर, पीएच म्हणजे आम्लता मोजायचं पेन, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार मोजायचं पेन, गढूळपणा बघायची उभी नळी, क्लोराइडचं छोटं किट आणि मैल्याचे जंतू ओळखायच्या एच-टू-एस बाटल्या.

एकच गोष्ट घेणं परवडत असेल तर डीपीडी कंपॅरेटर घ्या. आम्ही रोज सगळ्यात जास्त तोच वापरतो. गावाकडे ग्रामपंचायतीचा माणूस क्लोरीनची ओटी (ऑर्थोटोल्युडिन) टेस्ट करतो, पाणी पिवळं होतं, ती सगळ्यांनी पाहिलेली असते. तिचं रसायन आरोग्याला चांगलं नाही, आणि मोकळा (जंतू मारायला शिल्लक) क्लोरीन किती, पाण्यातल्या घाणीशी बांधला गेलेला किती हे ती नीट वेगळं दाखवत नाही. डीपीडीची एक नंबरची गोळी टाकली की मोकळ्या क्लोरीनचा गुलाबी रंग लगेच चढतो. आयएस 10500 या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात मोकळा क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. मात्र तो टाकीत मोजून उपयोग नाही, कॅम्पमधल्या सगळ्यात लांबच्या तोटीवर मोजायचा. एप्रिल-मेमध्ये सकाळी टाकीवर छान गुलाबी रंग यायचा आणि दुपारी चारला शेवटच्या तोटीवर पाणी जवळपास पांढरंच राहायचं. ऊन आणि तापलेली प्लॅस्टिकची टाकी, दोघं मिळून क्लोरीन उडवतात. टाकीवर शेड टाकली, दुपारचा दुसरा डोस सुरू केला, तेव्हा फरक पडला.

रंग बघायचा तो सावलीत, दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली दोन माणसं दोन आकडे सांगतात.

कंपॅरेटरची एक खोड माहीत असायलाच हवी. एका सकाळी गेटवरच्या मुलाने टँकरचं सॅम्पल घेतलं, गोळी टाकली आणि म्हणाला, "मॅडम, झिरो." मी जवळ जाऊन बघितलं तर पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येत होता. दुसरी गोळी टाकायला लावली. क्षणभर गुलाबी झाक आली आणि डोळ्यांदेखत विरून गेली. मग त्याच पाण्याचा एक भाग आणि डिस्टिल्ड वॉटरचे नऊ भाग घेऊन पुन्हा गोळी टाकली, तर गडद गुलाबी! ड्रायव्हरने गेटच्या अलीकडेच टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) पुडी टँकरमध्ये रिकामी केली होती. क्लोरीन फार झाला की डीपीडीचा रंगच मारला जातो आणि पाणी कोरं दिसतं. कोऱ्या पाण्याला वास येत असेल तर पातळ करून पुन्हा बघा, हे आम्ही आता कंपॅरेटरच्या झाकणावरच मराठीत आणि हिंदीत चिकटवलंय. टीसीएलचं साधं गणित हजार लिटरला 5 ग्रॅम, आणि टाकल्यावर निदान अर्धा तास पाण्याला हात लावायचा नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की तेवढ्याने भागत नाही, गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. आधी निवळू द्यायचं, मग डोस. पोतं उघडं राहिलं की टीसीएलची ताकद झपाट्याने उतरते, त्यामुळे स्टोअरमध्ये आता ते झाकणाच्या ड्रममध्येच राहतं.

टीडीएसच्या पेनाबद्दल मला जरा स्पष्ट बोलायचंय, कारण साइटवर सगळ्यांचा भरवसा त्याच्यावरच असतो. पेन बुडवलं, 180 आलं, "पाणी एक नंबर!" असं होत नाही. ते पेन फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. पाण्यात मैला मिसळलेला असला तरी टीडीएस 180 दाखवू शकतो. टँकरवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते स्वतःच खिशातून पेन काढून आकडा दाखवतात. आमच्याकडे या पेनाचा उपयोग एवढाच, की ठरलेल्या टँकरचा आकडा अचानक बदलला तर पाणी दुसरीकडून भरलंय हे कळतं. तेवढ्यासाठी मात्र ते फार कामाचं आहे.

पीएचचं पेन नाजूक आहे. टोक कोरडं पडलं की संपलं. ते केसीएलच्या (पोटॅशियम क्लोराइडच्या) द्रावणात ठेवायचं असतं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाही, आणि 4, 7 आणि 9.2 या ठरलेल्या पीएचच्या द्रावणांनी (बफरने) वेळोवेळी जुळवावं लागतं. आमचं पहिलं पेन मे महिन्यात कंटेनर ऑफिसच्या उकाड्यातच गेलं. पेटी देणाऱ्या कंपनीने वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले. त्यांच्या माहितीपत्रकात साठवणुकीबद्दल एक ओळही नव्हती, याचा मला आजही राग आहे.

काँक्रीटच्या पाण्यासाठी पेटी पुरी पडत नाही, हेही सांगते. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात सळईच्या काँक्रीटला क्लोराइडची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, पीएच 6 च्या खाली चालत नाही, सल्फेट 400 पर्यंत. यातला क्लोराइड किटवर ढोबळ कळतो, बाकीसाठी एनएबीएल मान्यतेची लॅबच. बोअरच्या पाण्याचा टीडीएस उन्हाळ्यात चढायला लागला तेव्हा आम्ही किटवर क्लोराइड पाहिला, सॅम्पल लॅबला पाठवलं आणि रिपोर्ट येईपर्यंत बोअर बंद ठेवली. जास्त क्लोराइडने सळई गंजली की इमारतीत राहणाऱ्यांना ते काही वर्षांनी भोगावं लागतं, त्यामुळे इथे घाई करणाऱ्याचं ऐकायचं नाही.

एच-टू-एस बाटली ही आपल्याकडच्याच शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये मांडलेली पद्धत. पाणी भरायचं, बाटली उबेला ठेवायची, 24 ते 48 तासांत काळी पडली तर मैल्याच्या जंतूंची शंका घ्यायची. टँकर आत घ्यायचा की नाही, हे ती सांगू शकत नाही, तोवर पाणी पिऊन झालेलं असतं. पण दोष कुठे आहे ते शोधायला तिच्यासारखं स्वस्त साधन नाही. जुलैत कॅम्पमधल्या एका ओळीत जुलाब सुरू झाले. टाकीची बाटली स्वच्छ, तोटीची स्वच्छ, खोलीतल्या पिंपाची काळी कुळकुळीत. पिंपात सगळे हात घालून ग्लास बुडवत होते. मुकादमाशी बोलून तोटी असलेली पिंपं आणली. वापरलेल्या बाटलीत ब्लीचिंग टाकून मगच ती फेकायची, तशीच कचऱ्यात टाकायची नाही.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. पेटी आली तेव्हा पहिले काही आठवडे रीडिंग छान घेतली जात होती, रजिस्टर भरत होतं, आणि पाणी होतं तसंच येत होतं. कारण रीडिंग घेणारा गेटवर, टँकरचं चलन स्टोअरकडे, पैसे ऑफिसकडून, डोस प्लंबरकडे आणि तक्रार मुकादमाकडे. खराब आकडा आला तर काय करायचं आणि कोणी, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेवटी प्रोजेक्ट मॅनेजरसाहेबांनी एक गोष्ट मान्य केली: गेटवर जो सॅम्पल घेतो त्यालाच टँकर परत पाठवायचा अधिकार, आणि त्याची सही नसलेल्या चलनाचं बिल निघणार नाही. पहिला टँकर परत गेला त्या दिवशी मोठा वाद झाला. ड्रायव्हर हटून बसला, क्युरिंगवाले पाण्यासाठी ओरडत होते. क्युरिंगला एसटीपीचं आणखी पाणी वळवलं आणि टँकर परतच गेला. त्यानंतर त्या पुरवठादाराचं पाणी सुधारलं. ग्रुपवर आता टँकरचा नंबर, कंपॅरेटरचा फोटो आणि "घेतला" किंवा "परत" एवढंच येतं. मुलगा बारावी शिकलेला आहे, पण पाण्याच्या बाबतीत त्याचा शब्द इंजिनिअरच्या वर चालतो आणि तसाच चालला पाहिजे.

एसटीपीच्या पाण्याची लाइन आम्ही वेगळ्या रंगाने रंगवली आणि तोट्या काढून तिथे किल्लीने उघडणारे व्हॉल्व्ह बसवले. नुसती "पिऊ नये" अशी पाटी पुरत नाही, कॅम्पात बंगाली, ओडिया, छत्तीसगढी बोलणारी माणसं आहेत. पिण्याच्या पाण्याची जागा संडास-मोरीपासून सहा मीटरच्या आत नको, आणि तिथली पाटी कामगारांना कळणाऱ्या भाषेत हवी, हे 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यातही लिहिलेलं होतं. आम्ही ते टेप लावून मोजलं आणि एक स्टँड हलवला.

घेणाऱ्यांसाठी शेवटचं. डीपीडी द्रवात घेऊ नका, उन्हाळ्यात बाटलीतच रंग बदलतो. फॉइलमधल्या गोळ्याच घ्या आणि मुदत बघून घ्या, आम्हाला पहिल्या खेपेला मुदत संपत आलेलं पाकीट दिलं होतं. पेटीपेक्षा पुढचा खर्च गोळ्या, बफर आणि बाटल्यांचा आहे, तो दर महिन्याच्या इंडेंटमध्ये (मागणीपत्रात) आधीच टाकून ठेवा, नाहीतर गोळ्या संपल्यावर आठवडाभर रजिस्टरमध्ये कालचाच आकडा उतरवला जातो. गढूळपणाची नळी बेसमेंटमधून उपसलेलं पाणी सेटलिंग टाकीतून नाल्यात सोडण्याआधी चटकन बघायला बरी आहे, त्यापलीकडे आम्ही ती फारशी वापरली नाही.