येझदी की आरएक्स? सोलापूरच्या मातीत जुन्या गाडीची रेस शिकताना

जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल घेऊन मातीत रेस शिकायची म्हटलं की सोलापुरात घोडं दोन नावांवर अडतं: येझदी आणि यामाहाची आरएक्स हंड्रेड. दोघींचंही उत्पादन 1996 मध्ये थांबलं, त्यामुळे हातात येणारी गाडी म्हातारीच असणार. राजदूत स्वस्त पडते, पण दम कमी. बुलेट पडली तर उचलायला शेतातून कुणाला तरी हाक मारावी लागते. त्या दोघींना आत्ताच बाजूला ठेवू.

माझी स्वतःची येझदी आहे, तरी सांगतो. नवशिक्याची गाडी मातीत पडतेच, एका दिवसात दहा वेळा पडते. येझदी एकशेचाळीस किलोच्या आसपास, आरएक्स शंभरच्या. पहिली दोन वेळा फरक जाणवत नाही. सातव्यांदा उचलताना, एप्रिलच्या उन्हात, जॅकेट घातलेलं असताना, तो कंबरेला कळतो. शिवाय येझदीची किक आणि गिअरचा दांडा एकच. इंजिन बंद पडलं की दांडा फिरवा, किक मारा, चालू झालं की परत जागेवर आणा, आणि तोवर बाकीचे निघून गेलेले असतात. दोन सायलेन्सर दोन्ही बाजूंना खाली लोंबतात, ते वेगळंच. माझा डावा सायलेन्सर मुरमाच्या ढिगावर असा आपटला की नळी इंजिनच्या तोंडाशीच वाकली. मिस्त्रीनं ती काढून हातात दिली आणि काही न बोलता चहा मागवला.

येझदीच्या बाजूनं बोलायचं तर 250 सीसीचं इंजिन खालूनच ओढतं. पाऊस पडून गेलेल्या काळ्या मातीत आरएक्सचा आवाज नुसता वाढत जातो आणि मागचं चाक जागेवर फिरत राहतं. येझदी धकधक करत बाहेर येते. घराणंही मोठं आहे, येझदी मूळची चेक कंपनी जावाच्या गाडीवरून निघालेली. जावाच्याच देशातल्या सीझेड कंपनीच्या गाडीवर बेल्जियमच्या जोएल रॉबर्टनं 1964 मध्ये 250 सीसी मोटोक्रॉसचं, म्हणजे मातीतल्या रेसचं, जगज्जेतेपद मिळवलं होतं. पण ती गाडी रेससाठीच बनवलेली. आपल्याला मिळते ती कॅन लावून दूध वाहिलेली येझदी रोडकिंग.

आरएक्सचा जोर वरच्या आरपीएमला आहे, म्हणून क्लच सांभाळायला ती आपोआप शिकवते. खोट आहे ती किमतीत. हौशी लोकांनी भाव चढवून ठेवलाय, आणि चकाचक रंगवलेली, ओरिजिनल टाकीची गाडी उड्या मारायला न्यायची म्हणजे पाप. त्यापेक्षा आरएक्स वनथर्टीफाइव्ह बघा, तीही पोचे आलेली. इंजिन बरंचसं तसंच, आणि मन घट्ट करावं लागत नाही. आरएक्सच्या इंजिनला आपोआप ऑइल पुरवणारा ऑटोल्यूबचा पंप मात्र विश्वासाचा नाही. तो बंद पडल्याचं पिस्टन जाम झाल्यावरच कळतं. बरेच जण पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात, लिटरला 30 ते 40 मिली. येझदीला तर पहिल्यापासून हेच करावं लागतं.

सरावाची जागा गाडीइतकीच महत्त्वाची. ज्वारी काढलेलं रान मोकळं दिसतं, पण धसकटं टायरमध्ये घुसतात, आणि उन्हाळ्यात काळ्या रानाला पडलेल्या भेगेत पुढचं चाक अडकलं की माणूस हँडलवरून पुढे. मालकाला विचारून मुरमाड माळ शोधा. पावसाळ्यात पुढचं मडगार्ड वर उचलून बसवा, नाहीतर चिखल भरून चाकच थांबतं. एअर फिल्टर दर वेळी धुवा.

वडिलांची येझदी घरात धूळ खात पडली असेल तर तिच्यावरच सुरू करा, पैसे हेल्मेट, बूट, गुडघ्याचे गार्ड यांत घाला. विकतच घ्यायची असेल तर वनथर्टीफाइव्ह. राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं ठरलं की फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाचं लायसन्स लागतं, पण ती पुढची गोष्ट.

कागद संपलेली गाडी स्वस्तात मिळते आणि बंद मैदानावर चालून जाते. रस्त्यावर मात्र काढू नका, छोटा हत्तीत घालून न्या. पैसे देण्याआधी चेसिस नंबरवरची धूळ स्वतः पुसून बघा. आकडे घासलेले दिसले तर भाव कितीही उतरला तरी परत फिरा.