लिव्हिंग विल करून देणाऱ्या वकीलबाई, जळगाव: काम चोख, पण पोच मागून घ्या

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते शेवटी सांगतो. लिव्हिंग विल म्हणजे, आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा कोणते उपचार हवे आणि कोणते नको, ते आधीच लिहून ठेवलेला कागद.

जळगावच्या एका दालमिलमध्ये मी 38 वर्षं मुनीम होतो. आता वय 71. हिशेब उघडा टाकून दुकान बंद करायची सवय नाही. दोन वर्षांपूर्वी थोरल्या भावाला झटका आला. 23 दिवस व्हेंटिलेटरवर, ना शुद्ध, ना ओळख. डॉक्टर रोज विचारायचे, पुढं काय करायचं? तीन पोरं, तिघांची तोंडं तीन दिशांना. मनातून सगळ्यांना कळत होतं, पण 'बापाची नळी काढली' हा बोल कुणालाच घ्यायचा नव्हता. भाऊ गेलाच. बिलापायी केळीचं एक वावर गेलं, आणि पोरं अजून एकमेकांच्या दारात पाय ठेवत नाहीत. तेव्हाच ठरवलं, माझं मीच लिहून ठेवीन.

घरात विषय काढला तर मंडळी, म्हणजे बायको, भडकली. "तुम्हाले काबरं मरायची घाई झाली?" म्हटलं, घाई नाही, मागून भांडणं नकोत.

आधी कोर्टाजवळच्या एका टायपिंगवाल्याकडे गेलो. त्यानं काही न विचारता मृत्युपत्राचा नमुना काढला आणि म्हणाला, "शेत कुणाच्या नावे?" मृत्युपत्र मेल्यावर चालतं, मला जिवंतपणी, पण बोलता येत नसेल तेव्हा चालणारं हवं होतं. त्याला सांगून दमलो, चहा पिऊन निघालो.

मग या वकीलबाई सापडल्या. स्वतः नोटरीच आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी एक ओळ लिहिली नाही, नुसते प्रश्न विचारले. मी म्हटलं, "लिहा, मशीनवर ठेवू नका." त्या म्हणाल्या, "काका, उद्या न्यूमोनिया झाला, आठ दिवस मशीन लागलं आणि तुम्ही बरे होणार असाल, तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून या, म्हणून त्यांनी परत पाठवलं. फी घेणारा माणूस गिऱ्हाइकाला परत पाठवतो, हे मी बाजारात फार कमी पाहिलंय.

डॉक्टरांनी व्हेंटिलेटर, डायलिसिस, नाकातली नळी, छाती दाबणं, एकेक समजावून सांगितलं. शेवटी कागदावर आलं ते असं: बरं होण्याची आशा उरली नसेल तर यातलं काही नको, पण दुखणं कमी करायचं औषध आणि अंग पुसणं शेवटच्या दिवसापर्यंत चालू ठेवा. शेवटचा भाग मी माझ्या हातानं घातला. भावाच्या पाठीला झालेल्या जखमा मी पाहिल्यात.

सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली लिव्हिंग विलला मान्यता दिली, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. 24 जानेवारी 2023 च्या आदेशानं ते सोपं झालं: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. (राजपत्रित अधिकारी ओळखीत असेल तर नोटरीचा खर्च वाचेल, हे बाईंनी स्वतःच सांगितलं.) आपल्या वतीनं बोलणारी एकाहून जास्त माणसं नेमता येतात. मी मुलगी आणि पुतण्या लिहिले. एकटीच्या डोक्यावर बोल नको.

कागद दाखवला की लगेच नळी काढतात, असं मात्र नाही. आधी उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं एक मंडळ बघतं. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं, आणि अंमल करण्याआधी दंडाधिकाऱ्याला कळवायचं. मारायचं इंजेक्शन वगैरे यात बसत नाही. मन बदललं तर लेखी देऊन केव्हाही रद्द.

खर्च: फी नोटरीसह 3,500, स्टॅम्प 500, झेरॉक्स 60. एकूण 4,060. एसटीचं अर्धं तिकीट वेगळं.

आता तक्रार. एक प्रत आपल्या गावच्या नगरपालिकेच्या किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. बाई म्हणाल्या, "देऊन या," आणि विषय संपला. कार्यालयात मला जन्म-मृत्यूच्या खिडकीवर पाठवलं. कारकून म्हणाला, "मयत कोण?" म्हटलं, "मीच, पण अजून वेळ आहे." तिसऱ्या खेपेला आवक क्रमांक पडला. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सोबत एक पत्र बाईंनी दिलं असतं तर दोन खेपा वाचल्या असत्या.

मंडळींनी माझा कागद दोनदा वाचून घेतला आणि आता तिलाही करायचाय. पुढच्या मंगळवारी जातोय. फी कमी होईल का, म्हणून फोन केला तर बाई म्हणाल्या, जोडप्याला पाचशे कमी. हे पहिल्याच दिवशी सांगायला नको?