लाइव्ह चार्टवरची रिग्रेशन रेषा: दर टिकला नव्याने मोजायची की चालत्या बेरजा ठेवायच्या?

हिंजवडीची नोकरी सांभाळून सव्वानऊला निफ्टीचा चार्ट उघडणारा आणि भोसरीत मशिनच्या स्पिंडलच्या (फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगचं तापमान बघत बसणारा, दोघांनाही हवी असते तीच रिग्रेशन रेषा: शेवटच्या काही बिंदूंच्या मधून जाणारी, त्यांचा कल दाखवणारी सरळ रेषा. रेषा कशी मोजायची यावर वाद घालताना मात्र सगळे वेगावरच घसरतात. माझ्या लेखी वेगाचा नंबर बराच खाली लागतो.

साधा मार्ग म्हणजे शेवटचे २० बिंदू (ही आपली खिडकी) घ्यायचे आणि दर टिकला, म्हणजे नवा आकडा आला की, सूत्र पहिल्यापासून चालवायचं. एक्सेलमध्ये स्लोप आणि इंटरसेप्ट, पायथनमध्ये पॉलीफिट. २० सोडा, २०० बिंदूंनीही आजच्या लॅपटॉपला घाम फुटत नाही. एक-दोन चार्टच असतील तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

पन्नास-शंभर शेअर एकाच वेळी बघायचे असतील तर चालत्या बेरजा घ्या, म्हणजे जुनी बेरीज ठेवून तिच्यात फक्त बदल करायचा. क्ष (आडव्या अक्षावरची जागा) म्हणजे ० ते १९ हे क्रमांक धरले की क्षची बेरीज कायम १९०, वर्गांची २४७०, आणि चढाच्या (रेषेच्या तिरपेपणाच्या) सूत्रातला भाजक कायम १३,३००. सांभाळायच्या फक्त दोन बेरजा: किमतींची आणि क्रमांक गुणिले किंमत यांची. नवी कॅंडल (ठरावीक काळातल्या किमतीची एक पट्टी, म्हणजे आपला एक बिंदू) आली की गुणाकारांच्या बेरजेतून किमतींची जुनी बेरीज वजा करा, बाहेर पडणारी किंमत मिळवा, नव्या किमतीची १९ पट मिळवा. किमतींची बेरीज त्यानंतर बदला, आधी नाही.

चालू कॅंडलमध्ये टिक आली तर मात्र खिडकी सरकवायची नाही. किंमत जितकी हलली तो फरक पहिल्या बेरजेत, त्याची १९ पट दुसरीत, बस्स. इथे रेषेच्या उजव्या टोकाचा स्वभावही कळतो: चालू कॅंडल १० अंकांनी हलली तर रेषेचं टोक सुमारे १.८६ अंक हलतं, साधी मूव्हिंग ॲव्हरेज (त्याच २० किमतींची सरासरी) फक्त अर्धा अंक. म्हणून सौद्याचा निर्णय बंद झालेल्या कॅंडलवरच घ्या, मोजणी कुठलीही असो.

चालत्या बेरजांचा एक दुर्गुण आहे. फीडमधून एकदा ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’ असं सांगणारी खूण) आत शिरला की तो वजा करूनही जात नाही. पहिल्या मार्गात तो २० कॅंडलनंतर आपोआप बाहेर पडतो. उपाय सोपा आहे: टिकला चालत्या बेरजा, आणि कॅंडल बंद झाली की एकदा सगळं नव्याने.

आता क्षविषयी, कारण खरी गोची इथे होते. वेळ मिलिसेकंदांत, म्हणजे १९७० पासून मोजलेला तेरा आकडी टाइमस्टॅम्प, जशीच्या तशी सूत्रात घातली आणि बिंदू सेकंदा-सेकंदाचे असले, तर २० बिंदूंचा खरा भाजक निघतो १,३३० कोटी. पण वजाबाकीतल्या संख्या इतक्या अवाढव्य होतात, की ६४ बिटांच्या दशांश संख्येत तिथे दोन शेजारच्या आकड्यांतलं अंतरच १३,७०० कोटींच्या वर जातं. भाजक कधी शून्य येतो, कधी ऋण, आणि रेषा चार्टबाहेर उडते. पहिल्या बिंदूची वेळ सगळ्यांतून वजा केली की हा आजार संपला.

मग क्रमांक घ्यायचा की वेळ? शेअरसाठी बेलाशक क्रमांक. साडेतीन ते दुसऱ्या दिवशीचे सव्वानऊ, हे बाजार बंद असलेले पावणेअठरा तास रेषेत आले तर चढ उगाच चपटा होतो. भोसरीत उलट. गुरुवारच्या सुट्टीत मशिन थंड पडलेलं असतं. बुधवारचा शेवटचा आणि शुक्रवारचा पहिला बिंदू शेजारी मांडले तर तापमान एका मिनिटात कोसळल्यासारखं दिसेल. तिथे वेळच हवी.

अशा डेटाला तिसरा मार्ग शोभतो: खिडकीच नाही, जुन्या बिंदूंचं वजन दर मिनिटाला ०.९५ने गुणून घटवत जायचं. स्मरण साधारण २० मिनिटांचं राहतं आणि जुने बिंदू साठवावे लागत नाहीत. खिडकीतून जुना उसळलेला बिंदू बाहेर पडला की आज काही घडलेलं नसताना रेषा दचकते. तेही इथे टळतं. फक्त आकडा ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या साइटवरच्या लिनरेग या तयार रिग्रेशन सूत्राशी ताडून बघणार असाल तर या वाटेला जाऊ नका. तिथे खिडकीतल्या सगळ्या बिंदूंचं वजन सारखं असतं, तुमचा आकडा जुळणारच नाही.